हो की नाही, राजदूत साहेब?

अमेरिकेचे माजी राजदूत थॅडियस लिंडक्विस्ट यांनी उभ्या हयातीत कुणाला सरळ 'हो' किंवा 'नाही' म्हटलं नव्हतं. त्याच बळावर मोठमोठ्या वाटाघाटी निभावल्या, निवृत्तीनंतर कोरियात सोलच्या विद्यापीठात तेच शिकवलं, वर त्यावर जाडजूड पुस्तकं लिहिली. आणि आज शिंपल्यांच्या रश्शातल्या शेवयांपुढे बसून गड्याला घाम फुटला होता.

समोर बे ओक्जूबाई. साहेबांच्या सगळ्या वाटाघाटींतल्या दुभाषी. दोघांचेही जोडीदार केव्हाच गेलेले. उद्या सकाळी बाई बुसानला बहिणीकडे निघणार, कायमच्या. त्यांना थांबवायचं तर आत्ताच.

साहेबांचं कोरियन फर्डं होतं हो, पण घाबरले की थेट इंग्रजीत शिरायचे.

"सद्यस्थितीत," ते इंग्रजीत म्हणाले, "आपल्या बुसानविषयक निर्णयाचा फेरविचार झाल्यास काही बाजूंकडून त्याचं स्वागतच होईल."

ओक्जूबाई कात्रीनं कोबीची आंबट किमची कापत राहिल्या. "कोणत्या बाजू, राजदूत साहेब?"

"संबंधित."

आता काय म्हणावं या माणसाला!

खानावळीची मालकीण मिसूक रस्सा वाढायला आली. "अगं ओक्जू, काय पुटपुटतोय हा? माझ्या हातची चव गेली का?"

"चवीचं नाही गं."

"मग सांग की मला! तू कशाला आहेस?"

ओक्जूबाईंनी कात्री ठेवली, पाठ ताठ केली, नजर टेबलावर रोवली. बसण्याची ही ढब साहेबांच्या चांगल्या ओळखीची होती; भाषांतराला बाई अशाच बसत. 'ते म्हणतात' असं दुभाष्यानं म्हणायचं नसतं. बोलणाऱ्याचा 'मी' आपल्या तोंडी घ्यायचा असतो.

"ओक्जू," बाई कोरियनमध्ये म्हणाल्या, "माझा तुझ्यावर जीव आहे. सांगायला भीत आलो. तू गेलीस तर मी पार एकटा पडेन. नको ना जाऊस."

साहेबांनी त्यांना आजवर कधी अगं-तुगं केलं नव्हतं.

मिसूकच्या हातातला डाव हवेतच राहिला. "अगं बाई! एवढं सगळं बोलला हा?"

एकेका शब्दासाठी तासन्‌तास भांडणारे साहेब, पण आता त्यांचे डोळे भरून आले. "एकही दुरुस्ती नाही," ते कोरियनमध्ये कसंबसं म्हणाले.

"आता माझं बोलते," ओक्जूबाई म्हणाल्या. "बहिणीला कळवू का, येत नाही म्हणून? हो की नाही?"

'सद्यस्थितीत' साहेबांच्या जिभेवर आलंच होतं. मिसूकनं डाव उगारला.

"हो," साहेब म्हणाले. आणि कुणी न विचारता पुन्हा एकदा म्हणाले, "हो."