ग्रहणाच्या नावावर

सुंठ-ओव्याचा काढा कोमट झाला की तुळसाबाई त्यात मोहाची ओतत. गरोदर सुनेला तो रोज पाजला की बाळंतपण सोपं जातं, ही इंझोरीतल्या त्या घराची पिढीजात समजूत. त्याला दारू मात्र कोणी म्हणत नसे.

रूपालीला पुन्हा तिसरा महिना होता. पहिली मुलगी संस्कृती पाच वर्षांची. डोकं लहान, वरचा ओठ रेघेसारखा, सकाळी शिकलेलं गाणं दुपारी विसरायची. रूपालीने ग्रहणात विळी धरली म्हणून पोर अशी झाली, हे घराने केव्हाच ठरवलं होतं. तिच्या नवऱ्याचा, विकासचा मोठा भाऊ गोपीचंदही तसाच. त्याच्या वेळी तुळसाबाईंनी ग्रहणात सुई धरली, असं त्यांच्या सासूने मरेपर्यंत ऐकवलं. आम्हा गावच्या जुन्या बायकांच्या आयुष्यात ग्रहणाला काय काय चिकटवलं गेलं. फाटका ओठ, वाकडा पाय, मुकी जीभ. ग्रहण सुटायचं, बाईचं सुटायचं नाही.

त्या सकाळी आरोग्य पथकातली मंजू सिस्टर मुलांच्या तपासणीला आली. संस्कृतीच्या डोक्याभोवती टेप धरून तिने विचारलं, "पोरगी पोटात असताना आईनं दारू घेतली होती काय?"

विकास हसला. "ताई, आमच्या घरच्या बायका दारू पितेत काय?"

"काढ्यावर ठेवली व्हती म्या सुनेले," तुळसाबाई अभिमानाने म्हणाल्या. "मोहाची टाकून. एक दिवस खाडा नाई."

मंजूचा हात थांबला. "मावशी, काढ्यातली असो का बाटलीतली, पोटातल्या लेकराले ते सोसत नाई. मेंदूवरच घाव बसते. हिचं नक्की काय ते डॉक्टर तपासून सांगतीन. पण आता एक थेंब देऊ नका."

रूपालीपुढे त्या दिवसाची वाटी तशीच होती.

"सिस्टर काय, सांगून जाते," विकास पुटपुटला. "पिऊन घे. माय चिडन."

रूपालीने वाटी दूर सारली. "चिडू द्या. पाच वर्षं तुमी मले विळीवरून बोलले. म्या मान खाली घालून ऐकलं. आता हे पेणार नाई. जबरदस्ती केली तं लेकरू पोटात घेऊन माहेरी जाईन, आन काहून आली ते साऱ्या गावाले सांगीन."

"लय शिकली व बाई," तुळसाबाई कडाडल्या. "म्या नाई पेला काय? माह्या पोरायले काय झालं?"

तेवढ्यात कुंपणाच्या फाटकातून चाळिशी उलटलेला गोपीचंद आला.

"माय, बकऱ्या मोजून दे ना."

तुळसाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. बकऱ्या अंगणात शिरल्या, एकीने सुपातल्या डाळीत तोंड घातलं, तरी त्यांनी हाकललं नाही.

"म्या सुई धरलीच नवती," शेवटी त्या म्हणाल्या. "सासूनं म्हटलं, धरली. सारे म्हणत. मंग मलेबी वाटे, धरली असन."

तुळसाबाईंनी वाटी उचलली आणि उकिरड्यावर रिती केली.

"मंजू, याचंबी लिव. गोपीचंदचं."

"मावशी, इतक्या वर्षांनी सांगणं कठीण हाये, काढ्यामुळंच झालं का..."

"असू दे कठीण. मायनं काय पेलं, ते लिव."

बोलणं ऐकून शेजारच्या बायका कुंपणापाशी जमल्या होत्या. एकीने पदर तोंडाशी नेला.

तुळसाबाई त्यांच्याकडे वळल्या. "तोंड काहून झाकता व? इकडं या. तुमच्या घरी काय पाजतेत, तेबी सांगा हिले."

तोंडाशी पदर नेलेल्या बाईने तो खाली सोडला. मग फाटक वाजलं.