अळी बदलली, मी तोच राहिलो

मित्रांनो, शालिग्रामच्या पाठीवर बसून मी इंझोरीच्या शिवारात बारा वर्षं फिरलो. मी एक जुना फवारणीचा पंप आहे. हल्ली कोठ्यातल्या खुंटीला टांगलेला असतो, पण मनाला चैन नाही. जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणारही नाही.

मी नवा होतो तेव्हा माझी टाकी पिवळीधमक होती. त्या वर्षी तुरीवर हिरवी अळी आली होती. शेंगेला भोक पाडून ती आतला दाणा खात होती. पंपभर पाण्यात एक टोपण औषध पडलं, दांडा हलला, फवारा उडाला आणि दुसऱ्या दिवशी अळ्यांचा सडा पडला.

"पंप नाही, वाघ हाय!" शालिग्राम म्हणाला.

शेजारी मला मागून नेऊ लागले. मी अगदी फुगून गेलो. शंभरात दोन-तीन अळ्या मात्र औषध अंगावर घेऊनही शेंगा खात बसल्या होत्या. त्या मी पाहिल्या होत्या. एवढ्याशा अळ्यांची काय मातब्बरी, असं मला वाटलं.

पुढे एका टोपणाची दोन टोपणं झाली, दोनाची चार. तरी दर हंगामाला मरणाऱ्या अळ्या कमी आणि खाणाऱ्या जास्त. शालिग्राम चिडायचा, जोरजोरात दांडा मारायचा. माझा फवारा तोच होता, जोर तोच होता, मग चुकतंय कुठे?

तीन वर्षांपूर्वी, तूर फुलावर आली असताना, त्यानं दोन जहाल औषधं एकत्र कालवली. भागिरथाबाई, त्याची बायको, बांधावरून ओरडली, "अवं, तोंडाले रुमाल तरी बांधा!"

"मले काई होत नाही. सवय हाय."

वारा समोरून येत होता. माझं वॉशर झिजलेलं होतं आणि झाकणाखालून औषध त्याच्या पाठीवर झिरपत होतं. मला ते कळत होतं, पण पंपाला कुठलं तोंड? चौथ्या तासाला त्याला अंधुक दिसू लागलं. मग उलट्या झाल्या आणि तो गुडघ्यांवर बसला. लोकांनी त्याला उचलून वाशीमच्या दवाखान्यात नेलं. मी अर्धा भरलेला तसाच शेतात पडून राहिलो. एक हिरवी अळी माझ्या पट्ट्यावरून सावकाश चालत गेली. मित्रांनो, तेवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

शालिग्राम सहा दिवसांनी शुद्धीवर आला. पण तूर उभीच होती. भागिरथाबाईनं मला धुतलं, एसटीत घातलं आणि कारंज्याला सैफुद्दीन मिस्त्रीच्या दुकानात आणलं.

"सैफूभाऊ, वॉशर टाकून द्या. आता मीच फवारीन."

सैफुद्दीननं मला उलटंपालटं केलं. "भाभी, वॉशर टाकतो. त्यानं पंप गळणार नाही. पण अळी मरीन, असं मी नाही सांगत."

त्याची मुलगी इफ्रा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. बापाचा डबा घेऊन ती आली होती. तिनं विचारलं, "काकू, पहिल्या वर्षी सगळ्या मेल्या होत्या का?"

"दोन-चार वाचल्या असतीन."

"त्यायचीच तर पैदास वाढली. त्यायच्या अंगातच औषध पचवायची ताकद होती. बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या. मंग पिल्लंही ह्यायचीच. दरसाल आपण कमजोर अळ्या मारत गेलो अन् ताकदीच्या तेवढ्या ठेवत गेलो."

भागिरथाबाई एकदम म्हणाली, "मंग माणूस काहून नाही होत तसा? हे बारा वर्षं फवारून राह्यले ना!"

"अळीची पिढी महिनाभरात होते, काकू. माणसाची पंचवीस वर्षांत. आपलं अंग एवढ्या लवकर नाही बदलत. आपल्याले वागणंच बदलावं लागते."

वॉशर बसलं, पण त्या हंगामात मला कुणी भरलं नाही. भागिरथाबाईनं तुरीच्या झाडांखाली पोती अंथरली आणि झाडं हलवली. अळ्या टपाटप पडल्या. त्या तिनं कोंबड्यांना घातल्या. शेतात काठ्या रोवल्या, त्यांवर साळुंक्या आणि कोतवाल पक्षी बसून अळ्या टिपू लागले. शालिग्राम घरी आल्यावर आधी चिडला. "पाखराइच्या भरोशावर शेती करतं काय?"

"औषधाच्या भरोशावर केली तं तुमी राह्यले असते काय?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो दुसरं पोतं घेऊन तिच्या मागे गेला.

पीक पूर्ण वाचलं नाही, पण घरापुरतं आणि बाजारापुरतं आलं. आता माझ्यात निंबोळीचा अर्क भरतात, तोही झाडं पाहून, गरजेपुरता. तरीही खुंटीवर माझा जीव अस्वस्थ असतो. एखाद्या वर्षी अळी जास्त पडेल आणि कुणी घाईत म्हणेल, टाक अजून दोन टोपणं.

मित्रांनो, अवजार विचार करत नाही. त्यात जे ओताल तेच ते बाहेर फेकतं. म्हणून विचार तुम्ही करा, नाक-तोंड झाका, गळका पंप पाठीवर घेऊ नका. अळ्यांची जात बदलायला हजारो अळ्यांना मरावं लागतं. माणसाला बदलायला एकाही माणसानं मरण्याची गरज नाही.