मानखुर्दची सही

रामनाथ गेले आणि वर्ष सरायच्या आत मुलुंडची त्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली. बिल्डरला सगळ्या वारसांच्या सह्या हव्या होत्या. बायको मंजुळा, मुलगा प्रज्योत आणि घाटकोपरला दिलेली मुलगी हेमांगी. एवढ्यावर भागलं असतं, पण वकीलबाईंनी आणखी कुणी आहे का म्हणून विचारलं, तेव्हा बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं.

मानखुर्दला एक बाई होती. रामनाथांनी तिला देवळात माळ घातली होती, आणि त्यांना क्षमा नावाची मुलगी होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

पहिली बायको असताना केलेलं लग्न कायद्याने लग्नच नाही, वकीलबाई म्हणाल्या, म्हणून त्या बाईला हिस्सा नाही. मुलीचं मात्र तसं नाही. जागा वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतली आहे, तेव्हा तिचा वाटा तुमच्याइतकाच. तो नको असेल तर तिने स्वखुशीने हक्कसोडपत्र नोंदवून द्यावं लागेल.

"तू जाऊन ये," प्रज्योत बहिणीला म्हणाला. "बाईमाणसाचं ऐकेल ती. आणि जास्त समजावत बसू नकोस."

आईला यातलं काही सांगायचं नाही असंही ठरलं.

क्षमा एका दातांच्या दवाखान्यात कामाला होती. रविवार म्हणून घरीच सापडली. दार उघडल्या उघडल्या हेमांगीला ओळख पटली. कपाळ, भुवया, सगळं बाबांचंच. क्षमाने तिला आत घेतलं, पंखा लावला, ताई म्हणून चहा दिला. आतल्या खोलीत कुणीतरी खोकत होतं. पडद्यामागून ते माणूस बाहेर मात्र आलं नाही.

चहा संपेपर्यंत हेमांगीने धीर गोळा केला. मग सोसायटीच्या रेकॉर्डसाठी एक सही लागतेय, नुसती फॉर्मॅलिटी आहे, असं तिने एका दमात सांगून टाकलं. बोलताना नजर कपबशीवर होती.

क्षमाने मसुदा सावकाश वाचला.

"यात मला त्यांची मुलगी लिहिलंय," ती म्हणाली.

"हो. तसं लिहावंच लागतं."

"मग येते मी."

नोंदणीच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी हजर होती. ठेवणीतली मोरपंखी साडी, केसांत गजरा. कार्यालयात फोटो झाला, अंगठा झाला. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यांनी तिला विचारलं की हिस्सा सोडताय, बदल्यात काही घेतलंय का, कुणाची जबरदस्ती आहे का. ती दोन्हींना नाही म्हणाली. मग मयत तुमचे कोण, असं विचारल्यावर ती एवढ्या स्पष्ट आवाजात "वडील" म्हणाली की रांगेतल्या दोघांतिघांनी वळून पाहिलं. हेमांगी शेजारीच उभी होती. थांब, सही करू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. तिने पेन पुढे केलं.

प्रज्योत गाडी काढायला गेला तेव्हा क्षमाने त्या कागदाची एक झेरॉक्स मागितली. मग म्हणाली, "ताई, फॉर्मॅलिटी नव्हती ही. मला ठाऊक होतं. आमच्या डॉक्टरबाईंचे मिस्टर वकील आहेत, त्यांना विचारून आले मी."

हेमांगीचे कान तापले. "मग केलीस कशाला सही?"

"भांडले असते तर तुम्ही कोर्टात म्हणाला असता, ही त्यांची मुलगीच नाही. मग आईला तिथे उभं करून नाही नाही ते विचारलं असतं. तिला आता ते झेपणार नाही. बाबांचा फोन बंद लागायला लागला ना, तेव्हा मी तुमच्या बिल्डिंगखाली आले होते. ते गेल्याचं वॉचमनने सांगितलं. वर यायची हिंमत झाली नाही. परवा तुम्ही दारात दिसलात, मला वाटलं, तेच सांगायला आलात."

हेमांगीला तिच्याकडे बघवेना. घरून निघताना पाठ केलेली सगळी वाक्यं तिला आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी प्रज्योत खुशीत होता. झकास काम झालं म्हणत त्याने पूर्वीला, आपल्या बायकोला, बाहेरून जेवण मागवायला सांगितलं. हेमांगी आईच्या खोलीत गेली आणि दार लावून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. स्वतःचा खोटेपणाही नाही.

"तिला काय दिलंत?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"तुझ्या बापाने मला चारचौघांत मान खाली घालायला लावली," त्या म्हणाल्या. "ते मी गिळलं. पण माझ्या पोटच्या पोरांनी कुणाच्या पोरीचं लुबाडलं, हे मी गिळणार नाही. मला तिचं तोंड बघायचं नाही. पण तिचं तिला द्या."

प्रज्योतने आदळआपट केली. आई वेडी झालीय का, असंही म्हणून झालं. मंजुळाबाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. बिल्डरच्या कागदांवर सही करायचं तेवढं थांबवलं. शेवटी वकीलबाईंनी वाट काढली. मंजुळाबाई आणि हेमांगी यांनी आपापल्या वाट्यातून क्षमाच्या नावाने बक्षीसपत्र करायचं, प्रज्योतच्या वाट्याला हात लावायचा नाही.

हेमांगी पुन्हा मानखुर्दला गेली. क्षमा नाही म्हणेल आणि आपण सुटू, अशी एक चोरटी आशा तिच्या मनात होती. क्षमा नाही म्हणाली नाही. कधी यायचं तेवढं विचारलं. या खेपेला ती दवाखान्याच्या कपड्यांतच आली, सह्या केल्या, कागद पर्समध्ये घातले आणि कामाला उशीर होतोय म्हणून निघून गेली.

पुढे पूर्वीकडून ही गोष्ट नातेवाइकांत गेली. घाटकोपरला हेमांगीच्या सासूबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगत, सावत्र बहिणीला आपल्यातलं काढून दिलं हो आमच्या सुनेने, एवढं मन कुणाचं असतं. दर वेळी हेमांगी मान खाली घालून स्वयंपाकघरात निघून जाई. सासूबाईंना वाटे, पोर लाजते.