मी गं झाले पारखी

दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत सुमित्राबाईंना कुणी नावानं ओळखत नसे. त्या 'गाण्यावाल्या उत्तराच्या मम्मी'. लेकीची गाणी मोठ्या कंपनीची नव्हती. घरच्या खोलीत बसून, गिटार आणि कॉम्प्युटर मांडून केलेली, पण कॉलेजातल्या पोरांना तोंडपाठ. त्यातलं एक तर मेंदीच्या कार्यक्रमातसुद्धा वाजायचं. आधी उत्तरा बोलायची, "ये मेरी आई की ओवी है, सुमित्रा की." मग शिट्टी, मग टाळ्यांवर उड्या मारत निघालेली चाल. सगळं हिंदी, मधे दोनच ओळी मराठी:

गावकुसाच्या गं वाटे, नको विचारू ओळखी
माझ्या आईच्या उंबऱ्याला मी गं झाले पारखी

ते वाजलं की सुमित्राबाई गॅलरीतले कपडे काढायला जायच्या. वाळलेले असोत की ओले.

ओवी त्यांच्या आईची. उत्तरा लहान असताना तिला थोपटता थोपटता त्यांच्या तोंडात यायची. एकदा पोरीनं पेंगत विचारलं, "आई, पारखी म्हणजे? वो सुनारवाला? खरं सोनं ओळखतो तो?" दिल्लीत वाढलेलं लेकरू, शाळेत हिंदी, खाली खेळायला गेली तरी हिंदी. आपल्याकडे पारखी झाली म्हणजे तुटली, मुकली, हे तिला सांगणारं घरात एकच माणूस होतं. आणि ते माणूस म्हणालं, "हो गं, तेच. झोप आता."

खोटं एवढंसं होतं, तांदळातल्या खड्याएवढं. लेक मोठी झाली आणि त्या खड्यालाच तिनं चाल लावली. मला ओळख काय विचारता, आईचा उंबरा मी पारखून घेतलाय, असं ती ऐटीत गायली. ओवीत 'उंबऱ्याची' नाही, 'उंबऱ्याला' आहे, हे तिच्या कानाला कधी टोचलंच नाही.

सुमित्राबाईंनी नगरकडच्या ख्रिस्ती घरातल्या श्यामकांतशी लग्न केलं, त्या दिवशी कऱ्हाडजवळच्या एका गावातलं दार मिटलं. वडिलांनी मिटलं. ते गेल्यावर भावानं, हणमंतनं, कडी तशीच ठेवली. इकडे श्यामकांतची केंद्र सरकारातली नोकरी, आधी क्वार्टर, मग हा फ्लॅट. लेक आजोळचं विचारायची तेव्हा ठरलेली उत्तरं असत. गाव लांब आहे. मामा तिरसट आहे. आजीला फोनवर ऐकू येत नाही. बघू पुढच्या वर्षी. श्यामकांत गेले, पण ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही.

आणि या हिवाळ्यात उत्तरानं अल्बम काढायला घेतला.

"नवा नाही गं," ती गुरुग्रामहून फोनवर सांगत होती. "इथंतिथं पडलेली सगळी गाणी पाखडून एका ठिकाणी. नाव ठेवलंय 'आतापर्यंत'. 'निवडक' फारच बुजुर्ग वाटतं यार."

"आतापर्यंत? म्हणजे आता संपलं का?"

"आई! शुभ बोल ना. ऐक, 'पारखी' सगळ्यात शेवटी घेतलंय. पण आधी ती ओवी तुझ्या आवाजात, साधी, बिल्कुल तू मला झोपवायचीस तशी. मग आजीच्या आवाजात. मग माझं गाणं. आजीची जागा मी कोरी सोडलीये. फोनवरचं रेकॉर्डिंग चालेल, खरखर उलट छान वाटेल. बस, तू तिला फोन लाव."

"तिला ऐकू येत नाही."

"गाता तर येतं ना?"

इतकी वर्षं लोटलेलं दार लेकीनं असं हसत हसत पुढ्यात आणून ठेवलं.

नंबर त्यांच्याकडे होता. संक्रांतीला दिल्लीची मराठी मंडळी पानिपतला, लढाईच्या स्मारकावर, काला अंबला जातात. तिथं एका वर्षी गावाकडच्या बसमधून शाळेतली मैत्रीण उतरली होती, तिनं दिला. नंबरापुढं 'माहेर' लिहायचा धीर झाला नाही. फोनमध्ये तो 'पानिपत' या नावानंच पडून होता.

दुपार होती, पण धुरक्यानं समोरची इमारत पुसून टाकलेली. खिडक्या लावून त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि पानिपत लावलं.

"कोण?" बाईचा आवाज.

"मी... सुमी."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा खटका.

"वन्सं?"

ही विजयमाला, हणमंतची बायको. तिचं लग्न दार मिटल्यानंतरचं. एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, आणि पहिल्याच शब्दात ती त्यांना वन्सं म्हणाली.

"आईशी बोलायचं होतं."

"आई गेल्या की वो, वन्सं. श्रावणात. कळवू म्हणलं, तर हे म्हणाले नंबर कुठाय."

"बरं," सुमित्राबाई म्हणाल्या.

"तुमच्या पोरीचं गाणं लई ऐकायच्या. आमच्या सुनयनाच्या मोबाईलवर. पयल्यांदा तुमचं नाव कानावर आलं, तशा उठूनच बसल्या. मग रोज लावाय लावायच्या. मी म्हणलं, आई, वन्सांचा नंबर हुडकू, बोलवून घेऊ, ह्यांचं मी बघते."

"मग?"

"नको म्हणाल्या. म्हणाल्या, सुमी सुखात हाय. माहेर तुटल्याचं दुःख असतं, तर तिची लेक पारखी म्हणताना शिट्टी वाजवून नाचली असती व्हय? विसरली ती आपल्याला, बरं झालं. उगं कशाला तिची खपली काढायची."

फोन कधी ठेवला ते सुमित्राबाईंना आठवलं नाही. तांदळातला तो खडा कुठल्या ताटात जाऊन कुणाच्या दाताखाली आला होता!

दोन दिवसांनी त्या मेट्रोनं, मग कॅबनं उत्तराकडे गेल्या. स्टुडिओ म्हणजे तिचं कपड्यांचं कपाटच. आवाज घुमू नये म्हणून चारी बाजूंनी रजया लटकवलेल्या, त्यातली एक सुमित्राबाईंनीच जुन्या साड्यांतून शिवलेली. त्या रजयांत उभं राहून, डोळे मिटून त्या गायल्या. शिट्टी नाही, टाळी नाही. जसं थोपटताना म्हणायच्या तसंच. फक्त थोपटायला कुणी नव्हतं.

उत्तरानं कानांवरचे हेडफोन काढले. "आई, हे असं आहे?"

"असंच आहे."

"पण हे तर खुशीचं गाणं आहे ना?"

"पारखी म्हणजे सोनारवाला नाही गं. जिला तो उंबरा आता नाही, ती पारखी. मुकलेली."

"तू म्हणाली होतीस की—"

"हो. म्हणाले होते." आणि मग त्यांनी दार मिटल्याची गोष्ट सांगितली. ती गोष्ट किती थोडी होती! कपाटातल्या कपाटात संपली.

उत्तरा फरशीवर बसली. "मी लोकांना यावर नाचवलंय. साकेतमधल्या त्या लग्नाच्या संगीतमध्ये तर तुला ओढून स्टेजवर नेलं होतं. तू टाळ्या वाजवल्यास, आई!"

"तालात होत्या ना?"

"मस्करी नको करू." तिनं बाहीनं नाक पुसलं. "काढते मी हे गाणं. आजच काढते."

"नको काढू. आईनं तेच ऐकलंय. रोज ऐकायची."

"आजीनं?" उत्तरानं मान वर केली. रडक्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "ऐकायची? म्हणजे तिला ऐकू येतं! किती खोटारडी आहेस गं तू! चलो, लाव फोन. आत्ता, इथूनच. मी बोलते मामाशी."

ती आईच्या पर्समध्ये हात घालू लागली. सुमित्राबाईंनी तिचं मनगट धरलं.

"येत होतं," त्या म्हणाल्या. "ऐकू येत होतं तिला."

उत्तराला समजायला वेळ लागला. मग ती रजईत तोंड खुपसून बसली. आतून आवाज आला, "गाण्याबद्दल काही म्हणाली का?"

"म्हणाली, सुमी सुखात आहे."

एवढंच सांगितलं. पुढचं त्यांनी गिळलं. लेकीला पुन्हा एकदा थोपटलं.

फेब्रुवारीत अल्बम आला. एका छोट्या कॅफेत पोरंपोरी जमली, शेवटी 'पारखी' लागलं. आधी सुमित्राबाईंची ओवी झाली. मग काहीच नाही. आजीची जागा उत्तरानं तशीच कोरी ठेवली होती, एक ओवी म्हणून होईल एवढी.

"अटक गया क्या?" कुणीतरी म्हणालं. एकानं उठून स्पीकरची वायर हलवून पाहिली. उत्तरा जागची हलली नाही. ती आईकडे बघत होती.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर सुमित्राबाईंचे ओठ हलत होते. गावकुसाची वाट झाली, ओळख झाली, आईचा उंबरा आला. शेवटचा शब्द ओठांवर यायच्या आत शिट्टी वाजली आणि सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.