रोवणीचा गॉगल

ऑपरेशन झालं माह्या डोळ्याचं, पण गाव असं वागून राहिलं होतं का जसे माहे दोन्ही पाय कापले. दवाखान्यातून निंघताना त्यायनं मले तो मोठा काळा चष्मा देला, बाजूनंही झाकलेला. तो चष्मा लहान पोरंही ओळखतात. दिसला का लोकं म्हणतात, "बुढीचा मोतीबिंदू काढला वाटते, बसू द्या सावलीत." दीड महिना बसली बाप्पा मी सावलीत. मंग डॉक्टरनं तपासलं आन म्हणाले, "सत्यभामाबाई, आता सगळी कामं करा, फक्त उन्हात गॉगल लावत जा." मी खुशीखुशीत सरळ शकुबाईच्या घरी गेली.

शकुबाई म्हणजे आमच्या रोवणीच्या टोळीची मुकादमीण. पंधरा बाया तिच्या हाताखाली. कोणाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, कधी धान रोवायचं, कोणी कुठं उभं राहायचं, सारं तीच ठरवते. चाळीस वर्सं मी तिच्यासंगं चिखलात काढली. तिनं माह्या चष्म्याकडे पाहिलं आन मान हलवली. "सत्ये, यंदा राहू दे. मांगच्या साली तुही ओळ वाकडी गेली होती. आता तर तू ऑपरेशनवाली. शेतमालक मले बोलतील."

असा राग आला मले! मोतीबिंदू होता म्हणून ओळ वाकडी गेली, आता काढला ना तो? दोन दिवस घरात मी कोणासंगं धड बोलली नाही. पोरगा, इश्वर, म्हणे, "आई, आता आराम कर, पैशाची काय कमी हाय?" त्याले काय समजते! पैशासाठी कोण मरून राहिलं? रोवणीत बाया गाणी म्हणतात, एकमेकीच्या सासवांची नक्कल करतात, डबे सोडून भाजी वाटून खातात. सारं गाव बांधीत अन् मी एकटी घरात. भिंतीसंगं बोलू का मी?

"आई, लोकं तुमच्या डोळ्याले नाही, त्या चष्म्याले पाहून राहिले," माही सून तृप्ती म्हणाली. "दुसरा गॉगल घेऊ. कोणी ऑपरेशनवाली म्हणणार नाही असा."

पोरगी हुशार हाय, पण हे मी तिच्या तोंडावर म्हणत नाही.

मोहाडीच्या आठवडी बाजारात निकेश नावाचा माणूस छत्रीखाली गॉगल मांडून बसते. "शंभराच्या वर एक रुपया देणार नाही," मी आधीच सांगून टाकलं. त्यानं पहिले आरशावाणी चमकणारा काढला. "हा लावा मावशी, हिरोईन दिसान!"

"हिरोईन होऊन चिखलात उतरू का? दुसरा दाखव."

मंग गुलाबी दाखवला. मंग इतका काळा दाखवला का त्यातून मले तृप्तीच दिसेना. "जितका काळा तितका चांगला," तो म्हणे. तृप्तीनं त्याले डॉक्टरचं सांगणं ऐकवलं. काळेपणावर काही नसते, उन्हाचे घातक किरण अडवणारा पाहिजे, आन बाजूनं ऊन आत शिरू नये. गॉगलावरच्या चिठ्ठ्या वाचूवाचू तिनं अर्धे गॉगल तिथंच बाद केले.

उरले तीन. एक हिरवा, एक काळपट, एक तपकिरी. तिन्ही तिच्या परीक्षेत पास, पण माही परीक्षा तर बाकीच होती. ताडपत्रीच्या सावलीत सारेच गॉगल चांगले वाटतात. रोवताना पेंढीतली पिवळी, सडकी रोपं बाजूले काढा लागतात. ती ज्यातून दिसत नाहीत, तो गॉगल फुकटातही नको. मी तिन्ही उचलले आन उन्हात बसलेल्या लीलाबाईच्या भाजीच्या दुकानाकडे निंघाली.

"अजी मावशी, गॉगल!" निकेश ओरडला.

"पळून नाही जाऊन राहिली रे! सून ठेवली ना तुह्याजवळ गहाण!"

हिरव्या गॉगलातून मेथी, पालक, सांबार सारं एकच दिसे. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. काळपटातून पिवळं पान दिसेच ना. तपकिरी लावला आन काय सांगू, पानन् पान वेगळं झालं! जुडीच्या पोटात लपवलेली पिवळी पानंसुद्धा मी लीलाबाईले काढून दाखवली.

"घेऊन राहिली का नुसती खोड काढून राहिली?" ती खेकसली. मी सांबाराची एक जुडी घेतली आन रोवणीत वाकतात तशी वाकली. गॉगल सपकन नाकावरून खाली! बांधीत पडला असता तर गेलाच होता. निकेशनं आपलं दुकान सोडून, हसत हसत, मांगून दोरी बांधून देली. पुन्हा वाकली. हलला नाही.

मंग मले राहवलंच नाही. डाव्या हातात जुडी, उजव्यानं एकेक काडी बाजाराच्या ओल्या मातीत खोवत गेली. रोवणारी बाई पुढं जात नाही जी, मांगं मांगंच सरकते. लोकं बाजूले होत होते, तृप्ती "आई, पुरे ना" करत होती, मी आपली सरकत होती. आन मांगून कोणाले तरी धडकली.

"आंधळी हायेस का वो!" मीच ओरडली. वळून पाहते, तर शकुबाई.

ती तिथंच उकिडवी बसली आन डोळ्यानं पाहायचं सोडून बोटानं एकेक काडी चाचपत गेली. "सरळ हाय," ती म्हणाली. "मेथी केवढ्याले देली?"

माहं हसू तिथंच थांबलं. मेथी कुठची, काड्या तर सांबाराच्या होत्या! मांगचं अख्खं वर्स मलेही असंच दिसे. मी तिच्याजवळ बसली. "शके, कवापासून?"

तिनं आजूबाजूले मान फिरवली, कोणी ऐकते का म्हणून. "दोन वर्सं झाली. कोणाले सांगू नको वो. ऑपरेशनवालीले मीच घरी बसवते, मंग मले कोण उभं करन?"

दोन दिवस जिच्या नावानं बोटं मोडली, तिची मले अशी दया आली का गॉगलाच्या आत डोळे भरून आले. खरं सांगते, थोडं गोडही वाटलं. मी काही देवी नाही.

"उद्या कवडूच्या बांधीत ये," ती हळूच म्हणाली. "माह्या बाजूले राह."

"राहते. पण रोवणी सरली का दवाखान्यात चालायचं. तिथंही मी बाजूले राहते."

"आन पुढच्या साली?"

"पुढच्या साली मुकादमीण तूच. टोळीत दोघी ऑपरेशनवाल्या असलो, तर कोणाची हिंमत हाय बोलायची?"

ती मंग माहा खांदा धरून उठली, लुगड्याची माती झटकली आन चाचपत चाचपत निकेशच्या छत्रीखाली गेली.

"हिले देला तसाच एक काढ," ती त्याले म्हणाली. "आन दोरी घट्ट बांध."