उजळ प्रत

त्या दृश्यात टेबलाखाली चपला आहेत. रबरी, निळ्या पट्ट्यांच्या, एक सरळ आणि दुसरी किंचित तिरकी. पडद्याच्या उजव्या, खालच्या कोपऱ्यात त्या जेमतेम नखाएवढ्या दिसतात, तेही नायिका अंधारात चाचपडत खुर्चीत बसेपर्यंतच. मी दृश्य थांबवलं, मागे नेलं, पुन्हा पाहिलं. चपला होत्याच.

त्या दिसायला नको होत्या. चित्रीकरणाच्या वेळी त्या कुणीतरी तिथे विसरलं होतं. नंतर ते लक्षात आलं तेव्हा आमच्याकडे रंगांचं काम करणाऱ्या सहकाऱ्याने तो कोपरा काळोखात बुडवून टाकला. माझ्या धाकट्या भावाचा तो सिनेमा मुळातच अंधाराचा होता. नवरा सोडून गेलेली एक बाई आणि संध्याकाळनंतर दिवे न लावता घरात वावरायची तिची सवय. चित्रपटगृहात गेलेल्या प्रतीत त्या टेबलाखाली फक्त काळं होतं. प्रत्येक दृश्यातला प्रकाश तपासणं हेच माझं काम असल्यामुळे मला ते पक्कं माहीत होतं.

पण मी आत्ता पाहत होते ती इंटरनेटवर फुटलेली प्रत.

मी पदार्थविज्ञान शिकले आणि सिनेमावर शेवटचा हात फिरवणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत लागले. सिनेमा लागण्याआधी ज्यांना कामासाठी प्रत द्यावी लागते, त्या प्रत्येकाच्या प्रतीत मी खूण घालते. ठरावीक दृश्यांत चित्राचा एखादा तुकडा केसभर उजळ करायचा किंवा केसभर मंद. डोळ्याला कळत नाही. उजळ-मंदचा तो क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो आणि सिनेमा फुटलाच तर तो वाचून प्रत कुणाची हे सांगता येतं.

भावाचा सिनेमा लागायच्या आधीच फुटला. आमच्या प्रोग्रॅमने खूण वाचली आणि सबटायटल करणाऱ्या माणसाचा क्रमांक दिला. खात्रीचा आकडा कमी होता. तसं मी निर्मातीबाईंना सांगितलंही, पण बहुतेक फार हळू आवाजात सांगितलं असावं. खोलीतल्या सगळ्यांनी नाव ऐकलं, आकडा कुणी ऐकला नाही. भावाने त्याच संध्याकाळी एका मुलाखतीत सांगून टाकलं, "आमच्यातल्याच एकाने घात केला." कोण, हे त्याने सांगितलं नाही, पण या धंद्यात तेवढं पुरतं.

चपला पाहिल्यावर मला अण्णा आठवले.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, जन्मभर ग्रंथपाल होते. आता हृदय इतकं अशक्त आहे की जिना उतरायची बंदी, आणि त्याच कारणाने मोतीबिंदूचं ऑपरेशन टळत आलेलं. मुलाचा पहिला सिनेमा ते चित्रपटगृहात पाहू शकणार नव्हते आणि घरी पाहिला असता तर त्या अंधारात त्यांना काही दिसलं नसतं. म्हणून भावाने गुपचूप, त्या सहकाऱ्याला मस्का लावून, स्वतःच्या प्रतीवरून एक प्रत करून घेतली. सगळी दृश्यं उजळवलेली, खास अण्णांच्या डोळ्यांसाठी. अशी प्रत स्टुडिओबाहेर न्यायला सक्त मनाई होती. तसं त्याने करारात लिहूनही दिलं होतं.

अण्णांनी ती पडद्याला जवळजवळ नाक लावून पाहिली तेव्हा मी शेजारीच बसले होते. मध्येच ते म्हणाले, "थांब, थांब. त्या टेबलाखाली कुणाच्या चपला आहेत गं?"

भाऊ हसून हसून पलंगावर आडवा झाला. "अण्णा, अहो त्या कुणाच्याच नाहीत!"

"असं कसं? म्हणजे नवरा परत आलाय. घरातच लपलाय कुठेतरी. वा! हे तू फार छान सूचित केलंस हं, साहेब."

तेव्हा मीही हसले होते. नंतर कधीतरी अण्णांनी सहज सांगितलं, की जिन्याखालच्या बाकावर बसणाऱ्या त्यांच्या मित्रमंडळींना त्यांनी सिनेमाचा पेन ड्राइव्ह शेजारच्या मुलाबरोबर खाली पाठवलाय, आणि तो 'फिरतोय'. ग्रंथालयात पुस्तकाला मागणी असली की ते नेमका हाच शब्द वापरायचे, याच आवाजात. मी ते ऐकलं आणि त्यांची औषधं डबीत भरत राहिले.

फुटलेल्या प्रतीखाली लोकांनी मतं लिहिली होती. फिकट आहे, छायाचित्रण गचाळ आहे, म्हणे अंधाराचा सिनेमा आणि सगळं पिठासारखं पांढरं. एकाने लिहिलं होतं, 'चपला बघा, नवरा घरातच आहे,' आणि त्याखाली त्यावरून मोठा वाद रंगला होता. इतक्या लोकांनी माझ्या भावाचा सिनेमा पाहिला आणि त्यातल्या कुणीही तो पाहिला नव्हता.

मग मी हिशेब लावला. चित्र सरसकट उजळवलं की गडद दृश्यांतल्या खुणा सपाट होतात, काही उलटतात. भावाच्या प्रतीतला क्रम घेऊन मी तोच प्रयोग केला. प्रोग्रॅमने सबटायटलवाल्याचा क्रमांक दिला.

त्यानंतर मी गप्प राहिले. एकच प्रयोग झालाय, अजून पडताळा हवा, असं स्वतःला सांगत राहिले. विज्ञान शिकलेल्या माणसाला ही पळवाट फार सोयीची पडते. खरं बोललं तर करार मोडल्याचा ठपका भावावर येणार होता आणि निर्मातीबाईंनी कबूल केलेला पुढचा सिनेमा जाणार होता. आणि अण्णांना कळणार होतं.

सबटायटलवाला एकदा स्टुडिओत आला. उंच, वाकलेला, बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघायची सवय असलेला. मी खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही.

"बाई, तुमच्या यंत्राची आणि माझी एकदा समोरासमोर गाठ घालून द्या. कोण खोटं बोलतंय बघू."

"यंत्र खोटं बोलत नाही," मी म्हणाले. "चुकतं."

"मग चुकलंय का?"

मी पुढे केलेली खुर्ची परत जागेवर सरकवली. तो भिंतीवरच्या पोस्टरमधल्या नायिकेकडे वळला. सिनेमा चित्रपटगृहांतून केव्हाच उतरला होता, पोस्टर मात्र आमच्याकडे राहिलं होतं.

"तिच्या गप्प बसण्यावर काय लिहायचं, यावर मी आठवडा घातला होता," तो म्हणाला. "शेवटी काहीच लिहिलं नाही. रिकामं सोडलं. तुमच्या भावाने मिठी मारली होती मला तेव्हा." मग खांदे उडवून हसला. "हल्ली माझे फोनही सबटायटलसारखेच झालेत. एका ओळीत संपतात. 'पुढे बघू.' घरी बायको म्हणते, बरं झालं, निदान जेवायला तरी वेळेवर येता."

जाताना दारातून त्याने विचारलं, "खुणेच्या अहवालावर सही तुमचीच असते ना?"

"हो."

"झाली?"

"नाही अजून."

"अच्छा," तो म्हणाला आणि दार हळूच लावून गेला. त्या आवाज न होऊ देता लावलेल्या दाराचा मला फार त्रास झाला.

रविवारी दुपारी भाऊ घरी आला. अण्णा खिडकीपाशी उशांना टेकून बसले होते, मी चहा गाळत होते. भावाची दाढी वाढली होती. त्याने पिशवीतून अहवाल काढला आणि टेबलावर ठेवला.

"ताई, सही कर बाई आता. वकील थांबलाय. निर्मातीबाई म्हणतात, तुझी बहीण काय मुहूर्त काढतेय का?"

"चहा घे आधी."

"चहा नको. सही कर."

"आले साहेब, आणि आल्या आल्या हुकूम," अण्णा म्हणाले. "कसली सही?"

"त्या सबटायटलवाल्यावर केस करतोय. चोर आहे तो, अण्णा."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. त्याने त्यांना फारसा फरक पडत नाही, पण बोलायच्या आधी ते तसं करतात. "चोर हा शब्द जरा जपून वापर. जन्मभर मी काय केलं? एकाने वाचलेलं दुसऱ्याला दिलं. ज्याला विकत घेणं शक्य नाही त्याच्या हातात पुस्तक ठेवलं. त्यातले किती जण पुढे स्वतः पुस्तकं घ्यायला लागले."

"पुस्तक दिलं की तुमच्याकडे राहत नाही, अण्णा. ते परत यावं लागतं. इथे देणाऱ्याकडेही राहतं, घेणाऱ्याकडेही राहतं आणि तिसऱ्याकडे आपोआप पोचतं. माझ्याकडे काय राहतं?"

"लोकांनी पाहिला ना पण?"

"काय पाहिला?" भाऊ उठून उभा राहिला. "चोरांनी अंधार धुऊन टाकलेला सिनेमा पाहिला! कॅमेरावाला मला विचारतो, आपण दिव्यांवर इतकी डोकेफोड कशाला केली? काय सांगू त्याला? पहिल्या दिवशी मी थिएटरात मागे उभा होतो. पुढे माणसं किती होती ते विचारू नका. दोघं आपसात म्हणत होते, हे तर आपण पाहिलंय, पण तेव्हा दिसत होतं सगळं."

अण्णांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"ग्रंथालय सगळीकडे नसतं रे," मग ते म्हणाले, पण आवाज उतरला होता. "जिथे थिएटरच नाही तिथल्या माणसाने काय करावं? आमच्या बाकावरच्या कुणाला माझ्याकडे यायला तीन जिने चढवतात? त्यांचाही हक्क आहे की नाही?"

"आहे. मग मला विचारा. मी स्वतः नेऊन दाखवला असता त्यांना. न विचारता घेतलं की हक्काचं काय राहिलं?"

हे बोलणं अण्णांनाच लागू पडत होतं, हे त्याला कळलं नाही. अण्णांना कळलं की काय, मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे हात पांघरुणाची कड चाचपत होते.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "माणूस चुकला. पण त्याने कुणाला तरी आनंदाने दाखवला असेल, त्या कुणीतरी पुढे दिला असेल. त्याच्या मनातही आलं नसेल. एवढ्यासाठी त्याचं आयुष्य उठवू नकोस. माझं ऐक."

"आणि माझं उठलं त्याचं काय? पुढचा सिनेमा तरी हातात आहे म्हणून उभा आहे मी." भावाने माझ्याकडे पेन धरलं. "ताई. प्लीज."

मी पेन घेतलं. अहवालात सगळं नीट लिहिलं होतं, माझ्याच शब्दांत. क्रमांक, पद्धत आणि खात्रीचा तो कमी आकडाही, इतक्या बारीक अक्षरात की वाचायला कागद डोळ्यांजवळ न्यावा लागला. जागच्या जागी सही करणं सोपं होतं. अण्णा फार दिवस काढणार नाहीत हे आम्हा दोघांना माहीत होतं आणि त्यांना सुखाने जाऊ द्यावं असं आम्ही न बोलता ठरवलं होतं. त्या ठरवण्याची किंमत मोजणाऱ्या तिसऱ्या माणसाला, सबटायटलवाल्याला, आम्ही विचारलं नव्हतं.

"ताईला एवढा विचार कसला पडलाय?" अण्णा म्हणाले. "तुझं काय म्हणणं आहे, ते तरी सांग. लहानपणापासून ही अशीच. वर्गात उत्तर येत असायचं आणि हात वर करायची नाही."

भाऊ हसला नाही. अण्णांनी मान माझ्या दिशेने वळवली होती. एवढ्या लांबून त्यांना मी नीट दिसत नव्हते, फक्त एक धूसर आकार दिसत असणार. मी पेन टेबलावर ठेवलं, पलंगावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. नाडी नेहमीसारखीच चालली होती, मध्येच एक ठोका गाळत.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "ती प्रत सबटायटलवाल्याची नाहीच. अण्णा, ती तुमची होती, तुमच्यासाठी उजळवलेली. बाकावरून ती पुढे गेली. हे मला केव्हापासून ठाऊक आहे." मी भावाकडे वळले. "उद्या मी निर्मातीबाईंना हे सांगणार आहे, आणि तू माझ्याबरोबर येणार आहेस."