लाल जाळी

मेहुण्याविषयी कानसेनच्या मनात पाल चुकचुकली ती एका ड्रमवाल्याचे इअरफोन साफ करताना.

इअरफोन त्याच्याच कारखान्यातले होते. कारखाना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाच्या कानाचा साचा घ्यायचा, मागच्या खोलीत त्या मापाचं कवच ओतून आत ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे पुर्जे, बसवायचे. गिऱ्हाइकं सगळी गाणारी-वाजवणारी. भिंगाखालची बारीक जोडणी बायकोचा धाकटा भाऊ करायचा, आणि तयार जोड ऐकून पास करायचा तो फक्त एका माणसानं. म्हणून तर त्याला कानसेन म्हणत. पंचवीस वर्षांत त्यानं ऐकल्याशिवाय आणि चिठ्ठीवर सही केल्याशिवाय एकही जोड दाराबाहेर पडला नव्हता.

प्रत्येक इअरफोनच्या नळीत तांदळाच्या कणीएवढी जाळी बसते. पांढरी जाळी वरचे सूर मोकळे सोडते, हिरवी थोडे अडवते, लाल चांगलेच अडवते. ड्रमवाल्याच्या जोडात कानसेननं स्वतः पांढरी जाळी बसवली होती. आता चिमट्यातून बाहेर आली ती लाल.

त्यानं मागच्या खोलीकडे पाहिलं. मेहुणा भिंगावर वाकून बसला होता, जसा काही साधुसंतच. कानसेन काही बोलला नाही. बोलला असता तर चोर सावध झाला असता.

तसं काहीतरी बिनसलंय हे त्याला दोन वर्षं जाणवत होतंच. त्यांच्या प्रत्येक जोडात तीन ड्रायव्हर असायचे. खालच्या सुरांना एक डायनॅमिक. त्याचा पडदा हवा ढकलतो, म्हणून ढोल पोटात वाजतो. वरच्या सुरांना दोन आर्मेचर, इवल्याशा डब्यांतल्या धातूच्या पट्ट्या. तारेवरची नखाची खरखर, गाणाऱ्याचा श्वास, हे सगळं तेच काढतात. नवीन गिऱ्हाइकाला कानसेन हौसेनं समजावून सांगायचा, "डायनॅमिक म्हणजे घरातला मोठा काका. बोलला की भिंती हलतात, पण काय म्हणाला ते नीट कळत नाही. आर्मेचर म्हणजे आत्या. आवाज बारीक, पण एक शब्द सुटायचा नाही." गिऱ्हाईक हसायचं.

पण हल्ली या आत्याबाई गप्प झाल्या होत्या. नव्या मालात तो श्वास, ती खरखर उरलीच नव्हती. सगळं गोधडीखालून आल्यासारखं. कानसेननं आधी पुरवठादाराला धारेवर धरलं, मग दुसरा पुरवठादार पाहिला, मग तिसरा. मग कवचाचा गोंद बदलला. शेवटी जिथे हिरवी जाळी लावायची तिथे तो पांढरी लावू लागला, कधी कधी तर जाळीच काढून टाकू लागला. मेहुणा मापनाच्या मायक्रोफोनवरून काढलेला आलेख दाखवायचा. "दाजी, आलेखात तर वरचे सूर भरपूर दिसतायत."

"आलेख कानात घालून कुणी गाणं ऐकत नाही," कानसेन म्हणायचा आणि कागद बाजूला सारायचा.

आता लाल जाळी पाहिल्यावर त्याला सगळं लख्ख दिसू लागलं. अस्सल आर्मेचर मेहुणा स्वतःकडे ठेवत असणार, जोडात भेसळीचे घालत असणार, आणि आवाजातली खोट झाकायला जाळ्यांचा खेळ करत असणार. कशासाठी? स्वतःचं दुकान थाटायला, दुसरं काय. आणि एकदा कानसेनचा माल बिघडला अशी बोंब झाली की गिऱ्हाइकं आपोआप तिकडे जाणार. बारा वर्षं ज्याला हाताला धरून काम शिकवलं, तोच गळा कापायला निघाला होता.

त्यानं पाळत ठेवली. बायकोच्या ड्रॉवरमधली नेलपॉलिश खिशात घालून आणली आणि आपण बसवलेल्या प्रत्येक जाळीच्या कडेवर सुईच्या टोकानं एकेक ठिपका दिला. आठवड्याभरात पास केलेले चार जोड कपाटातून गुपचूप काढून पाहिले. चारही जाळ्या बदललेल्या. ठिपका एकीवरही नव्हता.

बुधवारी दुपारी तो चहाला जातो म्हणून निघाला, जिना अर्धा उतरला आणि पाय न वाजवता परत वर आला. मधल्या दाराच्या काचेतून त्यानं पाहिलं. मेहुणा पास केलेल्या जोडाच्या नळीतून सुईनं काहीतरी उपसत होता. फोन समोर, स्पीकरवर.

"हो ताई, बदलली," मेहुणा म्हणाला. "त्यांना काही कळलेलं नाही."

फोनमधून आलेलं उत्तर कानसेनला नीट ऐकू आलं नाही. पण ताई म्हणजे त्याची बायको. म्हणजे घरही फितूर.

त्या संध्याकाळी त्याला कणकण वाटत होती. थर्मामीटर जिभेखाली धरून तो बायकोकडे बघत बसला. ती हल्ली बोलताना अगदी समोर येऊन, तोंडाकडे तोंड करून बोलायची. पूर्वी स्वयंपाकघरातूनच ओरडायची. मनात काळंबेरं असलं की माणूस असं जास्तीचं गोड वागतं, त्यानं मनाशी नोंदवलं.

बायकोनं जवळ येऊन थर्मामीटर त्याच्या तोंडातून काढून घेतला. "अहो, झाला की केव्हाच."

"बिघडलाय तो. वाजतच नाही."

ती थर्मामीटरकडे बघत राहिली. "ताप नाहीये," एवढंच म्हणाली आणि आत गेली. दारापर्यंत जाऊन परत वळली. "माझी नेलपॉलिश पाहिलीत का कुठे?"

"मला काय करायचीय तुझी नेलपॉलिश?" कानसेन म्हणाला.

गुरुवारी अकराला गायिका येणार होती. दौरा तोंडावर आलेला, आणि तिला जोड पसंत पडला तर तिच्या सगळ्या साथीदारांचे इअरफोन इथेच व्हायचे होते. नापसंत पडला तर तिचं मंडळ दुसरीकडे जाणार आणि चार ठिकाणी सांगणार. कानसेननं ठरवलं, मेहुण्याचं पितळ उघडं पाडायचं ते तिच्याच समोर, आणि त्याच दिवशी त्याला जिना उतरायला लावायचं. तिच्या मापाचे त्यानं दोन जोड करून घेतले होते, अगदी सारखे. दोन्ही त्यानं ऐकले, पांढऱ्या जाळ्या बसवल्या, ठिपके दिले, सह्या केल्या. एक मेहुण्याच्या तबकात ठेवला. दुसरा शर्टाच्या खिशात घालून घरी नेला आणि उशाशी घेऊन झोपला.

गायिका वेळेवर आली. त्यांच्याकडची पद्धत अशी होती की गिऱ्हाइकानं डोळे मिटून दोन जोड ऐकायचे आणि बोटानं सांगायचं, पहिला की दुसरा. कानसेननं आधी खिशातला जोड दिला आणि तिच्याच गाण्याची ध्वनिफीत लावली.

दहा सेकंदांत तिनं दोन्ही कानांतून तो उपसून काढला.

"काका, टोचतंय हे," ती कान चोळत म्हणाली. "प्रत्येक 'स' सुईसारखा घुसतोय. तासभर घातला तर डोकं धरून बसेन मी."

कानसेनला वाटलं, हिलाही मेहुण्यानं गाठलंय. पण गायिका आजच पहिल्यांदा मेहुण्याला भेटत होती. तिनं तबकातला जोड घातला, डोळे मिटले आणि पूर्ण गाणं ऐकलं. मध्ये एकदा ओठ हलवून स्वतःच्या आवाजाबरोबर गायलीही.

"हा," ती म्हणाली. "यात माझा श्वाससुद्धा ऐकू येतो."

कानसेननं तो जोड तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला आणि चिमट्यानं जाळी काढली. लाल. ठिपका नाही. त्यानं ती मेहुण्याच्या नाकासमोर धरली.

"ही कुणी घातली?"

"मी," मेहुणा म्हणाला.

"किती दिवस चाललंय हे?"

"दीड वर्ष."

"आणि खरे आर्मेचर कुठे दडवलेस?"

मेहुण्याला प्रश्नच कळला नाही. "आहेत तिथेच आहेत. तुम्ही उघडून बघा." मग त्यानं गायिकेकडे पाहिलं, जरा अवघडला, आणि खाली बघत म्हणाला, "दाजी, एकदा बोट वर धरता?"

बोट वर धरणं म्हणजे गिऱ्हाइकाची परीक्षा. स्पीकरवर एक सूर लावायचा, तो चढत चढत जातो, आणि ऐकू येतंय तोवर बोट वर ठेवायचं. कानसेननं शेकडो लोकांची बोटं वर करायला लावली होती. स्वतःचं बोट वर करून किती वर्षं झाली हे त्याला आठवेना. तपासणाऱ्याला कोण तपासणार?

"लाव," तो म्हणाला. राग अजून उतरला नव्हता. "मॅडम, तुम्हीही धरा. होऊन जाऊ दे."

सूर सुरू झाला. तिघांची बोटं वर. सूर चढला, बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि थांबला. कानसेननं बोट खाली घेतलं.

"इतक्यात बंद का केलास?" त्यानं विचारलं.

मेहुण्याचं बोट वर होतं. गायिकेचंही वर होतं, आणि दुसऱ्या हातानं ती एक कान दाबत होती. स्पीकरसमोरच्या यंत्रावर आकडा चढतच होता. कानसेन एकदा या बोटाकडे बघे, एकदा त्या. खोली त्याच्यापुरती अगदी शांत होती. बऱ्याच वेळानं दोघांनीही बोटं खाली घेतली.

गायिकेनं चप्पल घालता घालता, उगाच मोठ्यानं, सांगितलं की साथीदारांना ती सोमवारी पाठवेल.

ती गेल्यावर कानसेन खुर्चीत बसला. त्याला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता. आपण ज्या जोडांवर सही करत होतो ते दीड वर्ष दुसऱ्याच्याच कानांनी पास होत होते.

"मला सांगायचं नाही?"

"ताई म्हणाली, तुमचा कान म्हणजेच तुम्ही. नको सांगूस." मेहुणा नाकावरून चष्मा काढून पुसू लागला. "मलाही धीर झाला नाही."

कानसेननं गायिकेच्या जोडाची चिठ्ठी ओढली. आपली सही खोडली आणि चिठ्ठी मेहुण्यापुढे सरकवली. मेहुणा नको नको म्हणत होता. कानसेननं पेन त्याच्या हातात कोंबलं.

घरी गेल्यावर त्यानं आधी नेलपॉलिश जागेवर ठेवली. मग थर्मामीटर घेऊन बायकोसमोर बसला.

"आता काय? ताप आलाय?" तिनं विचारलं. भावाचा फोन येऊन गेला होता, हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं.

"नाही," तो म्हणाला आणि थर्मामीटर जिभेखाली सरकवला. "वाजला की सांग."

ती समोर बसून राहिली. मिनिटभरानं म्हणाली, "वाजला."

त्यानं लगेच काढला आणि न बघता तिच्या हातात दिला.